आधी शेवट, मग सुरुवात : उलटा कथनक्रम आणि भिवंडीच्या दंगलींचा इतिहास

१

दंगल शमली की गावात एक प्रश्न हमखास विचारला जातो : सुरुवात कोणी केली? वरवर पाहता हा प्रश्न पुराव्याचा वाटतो. साक्षी नोंदवाव्यात, पंचनामे तपासावेत, म्हणजे उत्तर मिळेल अशी आपली समजूत असते. परंतु हा प्रश्न तितकाच कथनाचाही आहे. कोणत्या घटनेला ‘पहिली’ म्हणावयाचे यावर तिच्या पुढच्या सर्व घटनांचा अर्थ ठरतो. मिरवणुकीवर पडलेला दगड पहिला मानला तर त्यानंतरची जाळपोळ हे प्रत्युत्तर ठरते. दगडाआधीची घोषणा पहिली मानली तर दगड हेच प्रत्युत्तर होऊन बसते. घोषणेआधी कोणी मिरवणुकीचा मार्ग अडविला होता, त्याआधी कोणी तो मार्ग मुद्दाम निवडला होता, असे म्हणत मागे मागे जाता येते. दोन्ही बाजूंजवळ आपापली एक पहिली घटना असते, आणि तिच्या आधी काही घडलेच नव्हते असे त्या त्या बाजूने गृहीत धरलेले असते.

भिवंडीच्या दंगलींचा इतिहास कोणत्या क्रमाने सांगितला गेला आणि त्या क्रमाने काय साधले, काय निसटले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. त्यासाठी आरंभी एका फ्रेंच चित्रपटाचा आधार घेतला आहे. भिवंडीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तथापि, हिंसा आणि तिचे कारण यांचा क्रम उलटा केला असता श्रोत्याच्या न्यायबुद्धीचे काय होते, हे ज्या निष्ठुरपणे त्या चित्रपटाने दाखविले तसे अन्यत्र क्वचितच दिसते. तो पाहिल्यावर चौकशी आयोगाचा अहवाल आणि दंगलीवरील कादंबरी या दोन्हींकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते.

२

गास्पार नोए या दिग्दर्शकाचा ‘इरेव्हर्सिब्ल’ हा चित्रपट २००२ च्या मे महिन्यात कान महोत्सवात प्रथम दाखविला गेला, तेव्हा अनेक प्रेक्षक अर्ध्यातून उठून गेले. चित्रपटाचा घटनाक्रम सांगावयाचा तर तो असा : पॅरिसमधील ॲलेक्स ही तरुणी आपला प्रियकर मार्कस आणि पूर्वीचा मित्र पिएर यांच्यासह एका मेजवानीस जाते, मार्कसच्या वागण्याला कंटाळून एकटीच बाहेर पडते, रस्त्याखालच्या भुयारी मार्गात तिच्यावर अमानुष अत्याचार होतो, ते कळताच दोघे पुरुष गुन्हेगाराच्या शोधात रात्रभर भटकतात आणि अखेरीस एका क्लबात पिएरच्या हातून एका माणसाची निर्घृण हत्या होते. सूडकथेचा हा नेहमीचा साचा आहे. हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला तर तो तोंडपाठ असावा.

नोएने ही कथा शेवटाकडून सुरुवातीकडे सांगितली. प्रत्येक प्रदीर्घ दृश्य आपापल्या अंगाने पुढे सरकते, पण दृश्यांची मांडणी उलटी आहे. त्यामुळे प्रेक्षकाच्या वाट्याला आधी क्लबमधील हत्या येते, मग शोध, मग अत्याचार, मग मेजवानी, मग त्या तिघांच्या मेट्रोच्या प्रवासातील गप्पा, मग ॲलेक्स आणि मार्कस यांची घरातील दुपार, आणि अगदी शेवटी बागेत हिरवळीवर वाचत पडलेली ॲलेक्स. आपण आई होणार असल्याचे तिला त्याच दिवशी कळलेले असते.

या मांडणीचे परिणाम तीन आहेत. पहिला असा की सूडाचे समाधान अशक्य होते. सरळ क्रमात प्रेक्षक अत्याचार पाहतो, संतापतो आणि हत्येच्या दृश्यापर्यंत पोहोचताना मारणाऱ्याच्या बाजूचा होऊन बसतो. येथे हत्या आधी येते. ती का होत आहे हे ठाऊक नसते, त्यामुळे तिचे समर्थन करण्याची सोय उरत नाही. उरते ती नुसती हिंसा.

दुसरा परिणाम अधिक भेदक आहे. क्लबात ज्याचा जीव जातो तो गुन्हेगार नसतोच. खरा गुन्हेगार शेजारीच उभा राहून ते सारे पाहत असतो. ही गोष्ट पहिल्या दृश्यात प्रेक्षकाला कळू शकत नाही. पुढे, म्हणजे काळाच्या हिशेबाने मागे, भुयारी मार्गातील त्या माणसाचा चेहरा दिसल्यावरच तिचा उलगडा होतो. आपल्याकडे ज्याला ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात तो प्रकार सूडाच्या बाबतीत अपवाद नसून जवळजवळ नियम आहे. दंगलीत तर तो नियमच असतो. एका मोहल्ल्यात झालेल्या कृत्याची किंमत दुसऱ्या मोहल्ल्यातील, त्या कृत्याशी कसलाही संबंध नसलेला माणूस देतो.

तिसरा परिणाम ॲलेक्सविषयीचा आहे. सूडकथेत स्त्रीवरचा अत्याचार हे पुरुषांच्या पराक्रमाचे निमित्त असते. निमित्त पुरविले की तिचे काम संपते. उलट्या क्रमात ती आधी नाहीशी झालेली असते आणि हळूहळू कथेत परत येते. बोलते, हसते, मतभेद व्यक्त करते. जे गेले ते काय होते हे आपल्याला गेल्यानंतर कळते. अत्याचाराचे दृश्य नोएने सुमारे नऊ मिनिटे, कॅमेरा जवळजवळ न हलविता, सलग दाखविले. त्याच्या नैतिकतेविषयी समीक्षकांत तीव्र मतभेद झाले आणि ते रास्तही होते. दुःख दाखविण्याच्या नावाखाली ते भोगावयास लावण्याचा हक्क कलावंताला कितपत आहे, हा प्रश्न चित्रपटाने मिटविला नाही, उघडाच ठेवला.

पुढे स्वतः नोएनेच जवळजवळ त्याच दृश्यांची सरळ क्रमाने केलेली आवृत्ती २०१९ मध्ये व्हेनिस महोत्सवात दाखविली. कथनमीमांसेच्या अभ्यासकाला असा प्रयोग सहसा आयता मिळत नाही. सामग्री तीच, नटही तेच. बदलला तो केवळ क्रम. आणि क्रम बदलताच कथा पुन्हा ओळखीच्या सूडकथेजवळ सरकते. कथेचा अर्थ घटनांत किती आणि त्यांच्या मांडणीत किती, याचा याहून प्रत्यक्ष पुरावा दुसरा कोणता असणार?

३

घटना ज्या क्रमाने घडल्या तो घटनाक्रम आणि ज्या क्रमाने सांगितल्या तो कथनक्रम, हा भेद रशियन रूपवाद्यांनी शास्त्रशुद्धपणे मांडला आणि पुढे जेरार जनेत याने त्याचे बारकावे तपासले. पण भेदाची जाणीव फार जुनी आहे. आपल्या परंपरेतील त्याचे सर्वांत मोठे उदाहरण महाभारताच्या युद्धपर्वांत सापडते. भीष्मपर्वात संजय रणांगणावरून परततो आणि धृतराष्ट्राला प्रथम सांगतो ते भीष्म पडल्याचे. त्यानंतर धृतराष्ट्र विलाप करतो, ‘हे कसे झाले?’ असे विचारतो आणि मग संजय मागे जाऊन पहिल्या दिवसापासून युद्ध सांगू लागतो. गीता याच चौकटीत येते. अर्जुन शस्त्र खाली ठेवतो तेव्हा श्रोत्याला शेवट आधीच ठाऊक असतो. द्रोण, कर्ण आणि शल्य या पर्वांतही आधी सेनापतीच्या मृत्यूची वार्ता आणि मागाहून तिचा वृत्तांत, अशीच योजना आहे.

या योजनेत ‘काय होणार?’ ही उत्सुकता मावळते आणि ‘हे कसे होऊ दिले?’ हा प्रश्न उभा राहतो. शिवाय श्रोता कोण आहे हेही महत्त्वाचे. धृतराष्ट्र हा तटस्थ श्रोता नव्हे. युद्ध टाळण्याचे सामर्थ्य ज्याच्याजवळ होते आणि ज्याने ते वापरले नाही, असा तो राजा आहे. संजय त्याला वारंवार त्याच्या दोषाची आठवण करून देतो. उलट्या क्रमाचे कथन येथे जबाबदाराच्या कानावर पडत आहे.

आधुनिक काळात हा क्रम नाटककारांनी आणि चित्रपटकारांनी वेगवेगळ्या हेतूंनी वापरला. हॅरल्ड पिंटरच्या ‘बिट्रेयल’ या १९७८ च्या नाटकात एका विवाहबाह्य संबंधाची कथा बहुतांशी शेवटाकडून आरंभाकडे जाते. ली चांग-डोंग या कोरियन दिग्दर्शकाच्या ‘पेपरमिंट कँडी’त एका माणसाच्या आत्मनाशापासून मागे जाता जाता १९८० सालच्या ग्वांगजू येथील लष्करी दडपशाहीपर्यंत आपण पोहोचतो, व्यक्तीच्या ऱ्हासामागे राष्ट्राचा इतिहास उभा आहे हे तेथे उमगते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये रंगमंचावरचा काळ पुढे जातो, परंतु उलटतपासणीच्या मिषाने एका स्त्रीचा भूतकाळ थराथराने उकरला जातो. या नाटकाने एक धोक्याची सूचनाही दिली आहे. मागे जाणारी प्रत्येक चौकशी सत्याच्या शोधात असतेच असे नाही. पुष्कळदा आरोपी आधी ठरलेला असतो आणि भूतकाळ त्याच्यासाठी शोधला जातो.

आर्थर डान्टो या तत्त्वचिंतकाने इतिहासलेखनाविषयी एक मार्मिक निरीक्षण केले आहे. एखाद्या घटनेचे वर्णन नंतरच्या घटनेच्या प्रकाशात करणारी विधाने इतिहासकार सतत करीत असतो, आणि अशी विधाने त्या दिवशीचा कोणीही साक्षीदार करू शकला नसता. ‘१९८४ च्या भिवंडी दंगलीची चाहूल १९७० मध्येच लागली होती’ हे विधान १९७० मध्ये कोणाला करता आले असते? इतिहासकार शेवट जाणून मागे वळतो. आपण ज्याला पश्चातबुद्धी म्हणून हिणवितो ती त्याच्या व्यवसायाची अटच आहे. मात्र या अटीचा एक दोष आहे : शेवट माहीत असल्यामुळे मधली वाट एकच होती असे वाटू लागते.

४

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर. जुने कोकणी मुसलमान, आसपासच्या खेड्यांतील आगरी व कोळी, १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून येत गेलेले मोमीन विणकर आणि तेलुगू भाषक विणकर अशी त्याची वस्ती घडत गेली. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, कामगार तिसरा आणि कापडाचा व्यापारी चौथा, अशा परस्परावलंबनावर तेथील धंदा उभा राहिला. दंगलीचे कारण केवळ परस्परांविषयीचे अज्ञान हे असते, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. येथे माणसे एकमेकांना चांगली ओळखत होती.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली. ती शहरापुरती न राहता आसपासच्या खेड्यांतही पसरली. पाठोपाठ जळगाव आणि महाड येथेही हिंसाचार झाला. मोठी प्राणहानी झाली, घरे व माग जळाले, आणि मृतांत मुसलमानांची संख्या फार मोठी होती. राज्य शासनाने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दि. पि. मादन यांचा चौकशी आयोग नेमला. त्याचा अनेक खंडांचा अहवाल सत्तरच्या दशकाच्या मध्यास आला.

चौकशी आयोग हा उलट्या क्रमाच्या कथनाचा शासकीय प्रकार आहे. त्याच्यापुढे प्रथम येतात ती प्रेते, राख आणि नुकसानीचे आकडे. तेथून त्याला मागे जावयाचे असते. किती मागे जावे हे आयोगाच्या कार्यकक्षेत लिहिलेले असते, पण खऱ्या अर्थाने ते न्यायाधीशाच्या विवेकावर अवलंबून असते. मादन आयोगाचे वैशिष्ट्य असे की तो ७ मेच्या दुपारी पडलेल्या दगडाशी थांबला नाही. साठच्या दशकातील मिरवणुका, त्यांचे मार्ग, मशिदींजवळची वाद्ये व घोषणा, दोन्ही समाजांतील जातीय संघटनांची वाढ आणि प्रशासनाचे वेळोवेळचे निर्णय इथपर्यंत तो मागे गेला. राष्ट्रीय उत्सव मंडळ या स्थानिक संघटनेच्या भूमिकेवर त्याने कठोर ताशेरे ओढले. ‘पहिला दगड’ ही कल्पनाच त्यामुळे गौण ठरली.

त्याच अहवालात दुसरे एक कथन तपासले गेले आहे, आणि कथनमीमांसेच्या दृष्टीने ते अधिक बोधप्रद आहे. दंगलीनंतर गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसांचे विशेष तपास पथक नेमलेले होते. त्या पथकाचा तपास जातीय पक्षपाताने ग्रासलेला होता, असा निष्कर्ष आयोगाने काढला. या पथकाने काय केले ते आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर असे म्हणता येईल : त्याने आरंभ आधी निवडला आणि मग साऱ्या घटना त्या आरंभापासून सरळ रेषेत पुढे मांडल्या. दंगल हा एका समाजाचा पूर्वनियोजित कट होता, असे एकदा मानले की प्रत्येक साक्ष त्या सूत्रात ओवता येते. जी ओवता येत नाही ती बाजूला पडते. सरळ क्रमाची कथा म्हणूनच अधिक ‘सुसंगत’ वाटते. मागे जाणारी कथा प्रत्येक पायरीवर ‘याच्या आधी काय?’ असे विचारते, आणि म्हणून तिला सुसंगतीचे सुख मिळत नाही.

अर्थात आयोगाच्या कथनालाही मर्यादा आहे. ज्ञानेंद्र पांडे यांनी १९८९ च्या भागलपूर दंगलीच्या निमित्ताने हा मुद्दा मांडला आहे : आपले इतिहासलेखन हिंसेच्या कारणांचा इतिहास लिहिते, पण हिंसा स्वतः त्यातून गळून पडते. ती जणू अपघात, वाट चुकणे. तिचे वर्णन करण्याची भाषा इतिहासाजवळ नाही. आयोगाच्या खंडांत वेळ, ठिकाण, मार्ग, आदेश हे सारे असते. जळत्या घराच्या आत काय झाले ते मात्र नुकसानभरपाईच्या तक्त्यात जाऊन बसते. नोएच्या चित्रपटाने नेमके याच्या उलट टोक गाठले आहे. तेथे हिंसा इतकी जवळ आहे की कारणाचा विचार सुचत नाही. एकात वेदना निसटते, दुसऱ्यात कार्यकारणभाव. या दोन टोकांच्या मधली जागा कोणाची?

५

ती जागा कादंबरीची, असे म्हणावेसे वाटते. आणि येथे भिवंडीच्या इतिहासाला एक विलक्षण साहित्यिक धागा येऊन मिळतो. १९७० च्या दंगलीनंतर हिंदी लेखक भीष्म साहनी आपले बंधू, अभिनेते बलराज साहनी यांच्यासह भिवंडीस गेले होते. तेथील ओसाड गल्ल्या व मुके झालेले माग पाहून त्यांना मार्च १९४७ मधील रावळपिंडी आठवली. साहनी मूळचे रावळपिंडीचे. त्या दंगलीत त्यांनी मदतकार्य केले होते. दिल्लीस परतल्यावर त्यांनी जी कादंबरी लिहावयास घेतली ती ‘तमस’. १९७५ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. फाळणीवरील या महत्त्वाच्या कादंबरीचा जन्म असा फाळणीनंतर तेवीस वर्षांनी, महाराष्ट्रातील एका विणकरांच्या गावात झाला. अनुभव आधीचा, आठवण मागाहूनची. आणि आठवण जागी करावयास आणखी एक दंगल व्हावी लागली.

म्हणजे ‘तमस’ची निर्मिती उलट्या क्रमाने झाली. कादंबरीचे निवेदन मात्र सरळ आहे. पहिल्याच प्रकरणात नत्थू हा गरीब चर्मकार एका अंधाऱ्या खोलीत रात्रभर धडपडत एक डुक्कर मारतो. मुराद अलीने त्याला पाच रुपये दिलेले असतात आणि जनावरांच्या डॉक्टरला ते हवे आहे असे सांगितलेले असते. सकाळी ते मेलेले जनावर मशिदीच्या पायरीवर सापडते. ‘सुरुवात कोणी केली?’ या प्रश्नाचे उत्तर साहनींनी वाचकाच्या हाती पहिल्याच पानांत ठेवले आहे. शहरातील कोणालाही ते ठाऊक नाही. वाचकाला ठाऊक आहे. पण ठाऊक असून वाचकाला काय मिळते? ज्याच्या हाताने सुरुवात झाली तो नत्थू पुरता निरपराध आहे, आणि अपराधाच्या ओझ्याखाली तोच चिरडला जातो. पहिला दगड सापडला तरी पहिला अपराधी सापडत नाही, हे ‘तमस’चे सांगणे आहे.

कादंबरीच्या अखेरच्या भागातील दोन प्रसंग या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. मदत केंद्रात बसलेला कारकून लोकांच्या कहाण्या ऐकू इच्छित नाही. त्याला फक्त आकडे हवे आहेत. आणि शेवटी शांतता समितीची बस शहरातून निघते तेव्हा ऐक्याच्या घोषणा देणाऱ्यांत मुराद अली आहे. ज्याने आग लावली तोच पाण्याची बादली घेऊन पुढे. दंगलीनंतर स्थापन होणाऱ्या समित्यांविषयी इतके कडवट भाष्य हिंदुस्थानी साहित्यात अन्यत्र आढळत नाही.

गोविंद निहलानी यांनी ‘तमस’ दूरदर्शनवर आणली तेव्हा १९८८ मध्ये ती बंद पाडण्यासाठी न्यायालयात धाव घेतली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहून तिला संरक्षण दिले, आणि सर्वोच्च न्यायालयानेही प्रक्षेपण थांबविण्यास नकार दिला. जुन्या जखमेवरची खपली काढली तर पुन्हा रक्त वाहील, असा आक्षेप घेणाऱ्यांचा दावा होता. मागे वळून पाहण्याचे फळ सूड की शहाणपण, हाच त्या वादाचा गाभा होता.

६

या प्रश्नाला भिवंडीने स्वतः जे उत्तर दिले त्याकडे आता वळू. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडीत पुन्हा दंगल झाली. ठाणे व मुंबईपर्यंत तिची झळ पोहोचली. चौदा वर्षांत दुसऱ्यांदा माग जळाले. या ठिकाणी इतिहास लिहावयास बसलेल्या कोणालाही एक सूत्र सहज सापडले असते : १९७०, १९८४, आणि यापुढेही. भिवंडी हे ‘दंगलीचे गाव’ आहे असे बोलले जाऊ लागले. नोएच्या चित्रपटात काळच सर्व काही नष्ट करतो असे एक सूत्र आहे. तेच या शहराच्या कपाळी लिहिले आहे, अशी ती समजूत होती.

१९८८ च्या सुमारास भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे आणि त्या भागातील पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. बड्या पुढाऱ्यांपेक्षा गल्लीत रोज वावरणाऱ्या माणसांवर भिस्त ठेवलेली होती. ‘तमस’मधील शांतता समिती आणि ही समिती यांतील भेद कथनक्रमाचाच आहे. तेथली समिती शेवटी येते. भिवंडीतील समित्या आरंभाच्याही आधी आल्या.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने या दोन टप्प्यांतील मृतांचा आकडा ९०० असा नोंदविला. तेथेही आरंभबिंदूचा वाद झालाच. जानेवारीपासून सुरुवात केली की एक कथा तयार होते, ६ डिसेंबरपासून केली की दुसरी. मुंबईला लागून असलेली, दोनदा जळालेली भिवंडी मात्र त्या दोन महिन्यांत शांत राहिली. पुढे १९९४ मध्ये मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली ती या अनुभवानंतर.

इतिहासकारापुढे येथे एक अडचण उभी राहते. न झालेल्या दंगलीचा इतिहास लिहावयाचा कसा? तिचा पंचनामा होत नाही. तिच्यावर आयोग बसत नाही. उलट्या क्रमाच्या कथनाला सुरुवात करण्यासाठी एक शेवट लागतो, आणि येथे शेवटच घडलेला नाही. जी अफवा पसरली नाही, जो दगड उचलून पुन्हा खाली ठेवला गेला, जी मिरवणूक वेळेत पुढे निघून गेली, त्यांची नोंद कोठे शोधावयाची? हिंसेला दफ्तर मिळते, शांततेला मिळत नाही. म्हणूनच दंगलींच्या इतिहासाचे वाचन केले की दंगल अटळ होती असा भास होतो. टळलेल्या दंगली त्या इतिहासात कधी शिरतच नाहीत.

आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दोन समाजांना जोडणाऱ्या नागरी संस्थांचे महत्त्व दाखविताना भिवंडीचा निर्देश केला आहे. समित्यांना सारे श्रेय द्यावे असे मात्र नाही. दोनदा बुडालेल्या धंद्याची आठवण, एकमेकांवाचून माग चालणार नाही ही जाणीव, आणि पोलिसांवर बसलेला थोडाफार विश्वास हेही कारणीभूत असणार. शिवाय हा विश्वास कायमचा कमावलेला नव्हता. जुलै २००६ मध्ये भिवंडीत एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून संघर्ष पेटला; पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली आणि दोन पोलीस शिपाई मारले गेले. या वेळी संघर्ष दोन समाजांत नव्हता, जमाव आणि पोलीस यांच्यात होता. ज्या दुव्यावर १९९२ ची शांतता बव्हंशी उभी होती तोच दुवा तुटला होता. तेव्हा १९९२ ला सुखान्त समजण्याचे कारण नाही. त्या वर्षाने सिद्ध केले ते इतकेच, पण ते पुष्कळ आहे : १९७० नंतर १९८४ आले म्हणून १९८४ नंतर १९९२ यावेच लागते असे नाही.

७

‘इरेव्हर्सिब्ल’च्या अखेरच्या दृश्यात ॲलेक्स हिरवळीवर पडून वाचत असते, भोवती मुले खेळत असतात. दृश्य सुंदर आहे आणि असह्य आहे, कारण पुढे काय झाले ते आपण पाहून चुकलेलो असतो. नोएच्या मते या दुपारवरही येणाऱ्या रात्रीची छाया आधीच पडलेली आहे. ॲलेक्स जे पुस्तक वाचते आहे ते जे. डब्ल्यू. डन याचे, आणि भविष्य स्वप्नांत आधीच दिसू शकते असा त्याचा सिद्धांत आहे. कलाकृती म्हणून ही योजना परिणामकारक आहे. इतिहासाची दृष्टी म्हणून ती स्वीकारता येत नाही.

कारण मागे जाण्याचे दोन प्रकार संभवतात. एका प्रकारात आपण अपराध्यापर्यंत मागे जातो आणि तेथे थांबतो. थांबण्याची जागा आपल्या सोयीची असते, आणि तेथून पुढे निघणारा रस्ता सूडाकडे जातो. विशेष तपास पथकाचा रस्ता हाच होता. दुसऱ्या प्रकारात आपण त्या जागेच्याही मागे जातो, जेथे अजून काहीच झालेले नाही अशा एखाद्या साध्या दिवसापर्यंत. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळच्या भिवंडीत माग चालू आहेत, सूत उधारीवर दिले जात आहे, कोणी कोणाच्या लग्नाला निघाले आहे. नोए या दिवसाकडे पाहून म्हणतो की सारे ठरलेलेच होते. इतिहासकाराने त्याच दिवसाकडे पाहून विचारावयाचे असते की येथून आणखी कोणत्या वाटा फुटत होत्या, आणि त्या कोणी बंद केल्या.

घडून गेलेली हिंसा फिरविता येत नाही. १९७० मध्ये गेलेली माणसे कोणत्याही कथनक्रमाने परत येणार नाहीत, आणि ती परत येणार नाहीत हे नोएच्या चित्रपटाइतक्या स्पष्टपणे सांगणारे कथन दंगलीच्या वाङ्‌मयात असावयास हवे. परंतु हिंसेकडे नेणारी वाट अटळ असते हे मात्र खरे नाही. धृतराष्ट्राला संजय जे सांगत होता त्याचा मथितार्थ हाच होता, आणि तो त्याला युद्ध संपत आल्यावर ऐकावा लागला. भिवंडीच्या काही गल्ल्यांनी तो १९९२ पूर्वी ऐकला. आपल्या दंगलींचा जो इतिहास यापुढे लिहिला जाईल त्यात न घडलेल्या त्या दोन महिन्यांना, घडलेल्या दंगलींइतकीच पाने मिळावीत.